सूर्यास्तापूर्वी जमिनीवर

आपल्या समाजात दोन कुटुंबे लग्नकार्यात भेटली, की क्षेमकुशलानंतरचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "यंदा यात्रा कुठली?" कोणी पालिताणा सांगतो, कोणी शिखरजी, कोणी राणकपूर-नाकोडा. या प्रश्नाला उत्तर देताना आम्ही उभयता गेली काही वर्षे थोडे अडखळतो. आमच्या यात्रेचे ठिकाण कोणत्याही तीर्थावलीत सापडणार नाही. हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात बीर नावाचे गाव आहे. आमचा धाकटा चिरंजीव तेथे पॅराग्लायडिंगच्या स्पर्धेत उतरतो आणि आम्ही दोघे डबे, खाखरे व उकळलेल्या पाण्याचे कॅन घेऊन त्याच्यामागे जातो. हे ऐकल्यावर समोरचे क्षणभर गप्प होतात. एका संबंधितांनी तर हळूच विचारले होते, "थोरला मुलगा दुकानात बसतो ना?" प्रश्नाचा रोख माझ्या ध्यानात आला. डोंगरावरून उडी मारणारा मुलगा हिशेबात धरायचा नसतो, असे त्यांना सुचवायचे होते.

त्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. ते आज वाचकांपुढे ठेवतो.

आमचे नामपूर हे बागलाण तालुक्यातील, मोसम नदीच्या काठचे बाजारपेठेचे गाव. हंगामात पहाटेपासून बाजार समितीच्या आवारात कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात आणि सगळ्या गावाला कांद्याचा वास येतो. अशा गावात चार पिढ्या राहून कांदा न खाणाऱ्या घरांपैकी आमचे एक घर. व्यवसाय भुसार मालाचा : बाजरी, मका, हरभरा. वडिलांना आम्ही सारे 'भाऊ' म्हणत असू. पेढीचा ओटा, भिंतीला टेकलेली गादी, सकाळची सामायिक आणि सूर्यास्तापूर्वीचे जेवण, या चार गोष्टींवर त्यांचे आयुष्य उभे होते.

माझ्या मनात आकाशाचे वेड होते, हे मात्र त्या घरात कोणाला ठाऊक नव्हते. वाणिज्य शाखेच्या शिक्षणासाठी मी १९७८ साली पुण्याला गेलो आणि जैन वसतिगृहात राहू लागलो. एका रविवारी एक सहाध्यायी मला सायकलवर घेऊन हडपसरच्या पुढे सासवड रस्त्याला गेला. तेथे केंद्र सरकारच्या नागरी विमानवाहतूक खात्याचे ग्लायडिंग केंद्र होते. कुंपणाबाहेर उभे राहून आम्ही दुपारभर पाहत राहिलो. मैदानाच्या एका टोकाला विंच नावाचे यंत्र पोलादी दोर वेगाने गुंडाळत असे. दुसऱ्या टोकाला त्या दोराला जोडलेले, इंजिन नसलेले, लांब पंखांचे विमान पतंगासारखे वर चढे. पुरेशी उंची मिळताच दोर सुटून खाली पडे आणि मग आवाजच उरत नसे. ते पांढरे पंख घारीसारखे स्वतःभोवती घिरट्या घेत राहत.

त्या विमानांची नावे ऐकून मला विशेष आनंद झाला. आपल्याच देशात आराखडे होऊन बांधलेली ती ग्लायडर होती आणि नावे नक्षत्रांवरून ठेवली होती. अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. एस. रामामृतम् नावाच्या अभियंत्याने रोहिणी आणि कार्तिक यांचे आराखडे केले. रोहिणीचे पहिले उड्डाण १९६१ सालचे, कार्तिकचे १९६३ सालचे. रोहिणीत गुरू आणि शिष्य शेजारी-शेजारी बसतात. पंचांग पाहून माल भरणाऱ्या घरातील मुलाला ही नावे परकी वाटली नाहीत.

मी भाऊंना पत्र लिहिले, परवानगी मागितली आणि संकोचत पैशांचाही उल्लेख केला. आठ दिवसांनी पोस्टकार्ड आले : "हरभरा खाली आला आहे. परीक्षा संपताच निघावे." माझ्या विनंतीचा त्यात उल्लेखही नव्हता. मी परीक्षा संपताच निघालो आणि पुढे तीस वर्षे गादीवर बसलो. भाऊंचे चुकले, असे मी आजही म्हणणार नाही. तीन बहिणींची लग्ने व्हायची होती.

हा सगळा पूर्वेतिहास सांगण्याचे कारण असे, की आमचा धाकटा पुण्याला अभियांत्रिकी शिकू लागला आणि एका दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या बॅगेत गुडघ्यावर फाटलेली विजार, जाड हातमोजे आणि शिरस्त्राण सापडले. तो लोणावळ्याजवळच्या कामशेतला जाऊन वर्षभर पॅराग्लायडिंग शिकत होता. पवना धरणाच्या परिसरातील त्या टेकड्यांवर पावसाळा संपला की शिकणाऱ्यांची गर्दी होते, हे मला तोवर माहीतही नव्हते. शिकवण्या करून मिळवलेले पैसे त्याने यात घातले होते. घरात कोणालाही सांगितले नव्हते.

त्या रात्री घरात मोठा कलह झाला. भाऊ त्या वेळी ऐंशी ओलांडलेले होते. ते म्हणाले, "चार पिढ्यांत आपल्या घरातल्या कोणी दुकानाच्या ओट्यावरूनही उडी मारली नाही. हा डोंगरावरून मारतो." सौ. काहीच बोलली नाही. मी मात्र भाऊंपेक्षाही मोठ्या आवाजात बोललो. पोटच्या मुलाने माझीच जुनी इच्छा मला न विचारता पुरी केली, याचा आनंद मानावा की राग धरावा हे मला कळत नव्हते. म्हणून मी राग धरला. आता हे कबूल करण्यास मला संकोच वाटत नाही.

मार्ग काढला तो चातुर्मासानिमित्त मालेगावला विराजमान असलेल्या साध्वीजींनी. पुढच्या वर्षी सौ. मुलाला घेऊन त्यांच्या दर्शनाला गेली. साध्वीजींनी या खेळाला संमती दिली नाही. शरीराला जोखीम आहे, वायुकायाच्या जीवांची विराधना आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण मुलगा हा नाद सोडणार नाही हे ओळखून त्यांनी त्याच्याकडे एकच नियम मागितला : या खेळासाठी जिथे जाशील, तिथे रात्रिभोजनाचा त्याग. सूर्यास्तापूर्वी जमिनीवर यायचे आणि सूर्यास्तापूर्वीच जेवायचे. त्याने हात जोडून पच्चक्खाण घेतले. सौ.ने त्याच क्षणी ठरवले, की नियम पाळला जातो की नाही हे पाहायला आपण बरोबर जायचे. आमच्या प्रवासांची सुरुवात अशी झाली.

वाचकांपैकी अनेकांना हा खेळ नेमका कसा खेळतात, हे माहीत नसेल. मलाही नव्हते. ग्लायडर म्हणजे ताठ पंखांचे, इंजिन नसलेले विमान. पॅराग्लायडर म्हणजे कापडाचा पंख. त्याला कसलाही सांगाडा नसतो. समोरच्या तोंडांतून वारा आत शिरतो आणि कापडाच्या कप्प्यांत भरून त्यालाच पंखाचा आकार येतो. चालक खाली दोऱ्यांना लटकलेल्या आसनात बसतो. दोन्हींचे तत्त्व मात्र एकच. पंख सतत खाली सरकत असतो आणि सरकता सरकता पुढे जातो. चांगले पॅराग्लायडर एक मीटर उंची खर्चून स्थिर हवेत साधारण दहा मीटर पुढे जाते, ताठ पंखांचे आधुनिक ग्लायडर चाळीस मीटर आणि त्याहून अधिक.

मुलाने मला हे समजावले तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे उंची हे भांडवल." तो हसून म्हणाला, "बरोबर, पप्पा. आणि उन्हाने तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा, ती मिळकत." या वर चढणाऱ्या हवेला थर्मल म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही. व्हॅरिओमीटर नावाचे छोटे यंत्र, आपण वर जातो आहोत की खाली, हे आवाजाने सांगते. पण खरे मार्गदर्शक पक्षी. घार किंवा गिधाड पंख न हलवता जेथे घिरट्या घेते, तेथे हवा वर चढते आहे, हे निश्चित. उडणारे लोक पक्ष्यांच्या मागे जाऊन त्याच वर्तुळात, त्यांना वाट देत फिरतात. आमच्या जिल्ह्यात संक्रांतीला येवल्याची पतंगबाजी प्रसिद्ध आहे आणि नायलॉनच्या मांज्याने कापलेले पक्षी उचलण्याचे काम आपल्या समाजातील तरुण करतात. आकाशात दोर टाकून पक्षी पाडणारा खेळ मी पाहिला होता. पक्ष्याला गुरू मानणारा खेळ प्रथमच पाहत होतो.

स्पर्धेत रोज सकाळी एक मार्ग ठरवून देतात. अमुक डोंगरावरील खूण, तमुक गावावरील खूण, अशा क्रमाने त्या खुणांच्या ठरलेल्या परिघाला स्पर्श करत शेवटच्या ठिकाणी पोहोचायचे. प्रत्येकाजवळच्या उपग्रह-यंत्रात मार्गाची नोंद होते. आधी पोहोचणाऱ्यास अधिक गुण, वाटेत उतरणाऱ्यास कापलेल्या अंतराचे गुण. घाई केली तर उंची संपते, फार थांबले तर वेळ संपते. यावर पॉल मॅक्रेडी या अमेरिकी शास्त्रज्ञाने गणित मांडले, आणि तेच १९५६ साली फ्रान्समध्ये ग्लायडिंगचे विश्वविजेतेही झाले. गणिताचा सारांश असा, की आता किती वेगाने जावे हे पुढची मिळकत किती जोरदार असेल यावर ठरवावे. हे ऐकून भाऊंनीही मान वर केली होती. पुढच्या आवकेचा अंदाज घेऊन आजचा माल किती घाईने काढावा, हा प्रश्न त्यांनी साठ वर्षे सोडवला होता.

या खेळाचा जन्मही अडचणीतून झाला. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर कडक निर्बंध आले. तेव्हा तेथील तरुण बिनइंजिनाची विमाने घेऊन वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर जमू लागले. पहिली स्पर्धा १९२० साली झाली आणि १९३७ साली त्याच डोंगरावर पहिली जागतिक स्पर्धा भरली. या स्पर्धांत कुटुंबाला आरंभापासून काम असे. ग्लायडर कुठल्या शेतात उतरेल याचा नेम नाही, म्हणून मोटारीला लांब ट्रेलर जोडून घरची माणसे जमिनीवरून मागोमाग जात आणि ग्लायडर सुटे करून परत आणत. फिलिप विल्स हे इंग्रज गृहस्थ १९५२ साली स्पेनमध्ये विश्वविजेते झाले, त्यांच्या ट्रेलरची आणि शोधाची धुरा त्यांच्या पत्नी किटी वाहत. हे मुलाकडून ऐकल्यावर सौ. म्हणाली, "म्हणजे हे काम माझेच." पॅराग्लायडरची घडी पाठीवरच्या पिशवीत मावते, त्यामुळे ट्रेलर लागत नाही. बाकी काम तेच.

२०१५ च्या ऑक्टोबरात पॅराग्लायडिंगच्या विश्वचषकाची स्पर्धा भारतात प्रथमच झाली, ती बीर येथे. ती पाहायला आम्ही तिघे गेलो. त्यानंतर मुलगा तेथल्या एका लहान खुल्या स्पर्धेत स्वतः उतरला. मी सांगणार आहे तो प्रसंग त्या दुसऱ्या प्रवासातील.

या स्पर्धा शरद ऋतूत असतात, कारण पावसाळ्यानंतर आकाश स्वच्छ आणि हवा नियमित असते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने याहून अडचणीची वेळ नाही. दिवाळी तोंडावर, नवा मका बाजारात, आणि चातुर्मास चालू. थोरल्याने पेढी सांभाळण्याची जबाबदारी घेतली म्हणून मला निघता आले. आश्विनातील ओळी आटोपल्यावर सौ.ने तयारी केली. चातुर्मासात खाखऱ्याचा काळ पंधरा दिवसांचा, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी खाखरे भाजले. मुरमुऱ्याचा चिवडा, सुखडी, शेव, मुगाची डाळ, तांदूळ, एक छोटी शेगडी आणि पाणी उकळण्याचे पातेले. मुलाच्या पिशवीत वीस किलोचे ग्लायडर, आमच्या पिशव्यांत तितक्याच वजनाचे स्वयंपाकघर.

मालेगावमार्गे मनमाडला जाऊन मध्यरात्रीच्या सुमारास झेलम एक्स्प्रेस पकडली. दुसरा अख्खा दिवस गाडीत गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पठाणकोट आले. तेथून जोगिंदरनगरपर्यंत १६४ किलोमीटरची छोटी गाडी त्या वेळी जात असे. १९२९ साली सुरू झालेली ही अरुंद रुळांची रेल्वे नदीनाल्यांवरील पुलांवरून, भातखाचरांच्या कडेने, माणसाच्या सायकलीच्या वेगाने कांगडा खोऱ्यात शिरत असे. आम्ही कांगड्याला एक दिवस थांबलो. तेथील प्राचीन किल्ल्यात श्री आदिनाथ भगवंतांची प्रतिमा आहे. पूजा करून बाहेर आलो तेव्हा धौलाधारची पांढरी रांग समोर उभी होती. भाऊंना फोन लावून "दर्शन झाले" असे सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "किती दिवस अजून?"

दुसऱ्या दिवशी अहजू स्थानकावर उतरून जीपने बीरला पोहोचलो. बीर हे खालचे गाव. तेथे तिबेटी निर्वासितांची वस्ती आणि त्यांचे मठ आहेत. उड्डाणाची जागा बिलिंग. ती चौदा किलोमीटरच्या वळणावळणाच्या रस्त्याने वर, सुमारे २,४०० मीटर उंचीवर. उतरण्याचे मैदान तिच्यापेक्षा जवळपास हजार मीटर खाली.

पहिल्या सकाळी आम्ही बिलिंगला गेलो. गवताच्या उतारावर शंभराएक रंगीत पंख पसरलेले होते. मुलगा गुडघ्यावर बसून एकेक दोरी बोटांतून सरकवत होता, गाठी पाहत होता, पायांचे पट्टे, छातीचा पट्टा, शिरस्त्राण, संकटकाळी उघडायच्या राखीव पॅराशूटची पिन, सारे हाताने चाचपत होता. एकदा झाले, की पुन्हा. सौ. बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "अहो, हे तर पडिलेहण आहे." साधु-साध्वीजी सकाळ-संध्याकाळ वस्त्रपात्रांचे जसे बारकाईने निरीक्षण करतात, तशीच ती एकाग्रता होती. त्या दिवसापासून तिची निम्मी भीती गेली, असे ती सांगते. माझी गेली नाही.

मग त्याने पंख डोक्यावर उभा केला, चार पावले धावला आणि पाचवे पाऊल जमिनीवर पडलेच नाही. त्या क्षणी पोटात जे होते ते शब्दांत सांगता येत नाही. मी मोजणीचा आधार घेतला. एक, दोन, तीन... शंभरपर्यंत मोजेस्तोवर तो गिधाडांच्या वर होता.

चौथ्या दिवसाची गोष्ट. त्या दिवशीचा मार्ग धौलाधारच्या कडेने पश्चिमेला जाऊन परत बीरकडे येण्याचा होता. आम्ही नेहमीप्रमाणे चारच्या सुमारास तिघांचा डबा घेऊन उतरण्याच्या मैदानावर बसलो. बीर नामपूरच्या पूर्वेला आणि बरेच उत्तरेला असल्याने ऑक्टोबरअखेर तेथे सूर्य आपल्याकडच्यापेक्षा सुमारे वीस मिनिटे आधी मावळतो. म्हणून पाच वाजता जेवण, असा आमचा शिरस्ता होता.

साडेतीनपासून पंख उतरू लागले होते. मैदानाच्या कडेला तंबूत सर्व स्पर्धकांच्या नावांचा फलक होता. जो उतरे किंवा ज्याचा निरोप येई, त्याच्या नावापुढे खूण होत असे. साडेचारला दहा नावे कोरी होती. पाचला चार. सव्वापाचला एक, आमचे.

आयोजकांनी बिनतारी यंत्रावर पुन्हा पुन्हा हाक मारली. उत्तर आले नाही. चार वाजण्यापूर्वी दुसऱ्या एका स्पर्धकाने त्याला एका उपखोऱ्याच्या तोंडाशी, बऱ्याच खाली पाहिले होते. डोंगराआड यंत्राचा आवाज पोहोचत नाही, मोबाइललाही तेथे रेंज नाही, असे तंबूतील तरुणाने मला समजावले. एक जीप त्या दिशेने रवाना झाली. तो तरुण धीर देत होता आणि माझे लक्ष त्याच्या हाताकडे होते. त्या हातातील खडू अजून आमच्या नावापाशी गेला नव्हता.

सौ. म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या. तुम्हाला साखरेची गोळी आहे." मी म्हणालो, "येऊ दे त्याला." तिने डबा उघडला नाही. साडेपाच वाजले. मैदानावरचे ऊन गेले, पण धौलाधारच्या शिखरांवर ते अजून होते. तांबूस, स्पष्ट. सौ.ने आधी शिखरांकडे पाहिले, मग मनगटावरच्या घड्याळाकडे. पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी तिने डब्याच्या कड्या तपासल्या, डबा पिशवीत ठेवला आणि चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. शिखरांवर त्यानंतरही काही वेळ ऊन होते. ते पाहून 'अजून दिवस आहे' असे मनाला समजावणे सोपे होते. तिने तसे केले नाही. मी तिच्याशेजारी बसून नवकार म्हणू लागलो. मधेच मी विसरून आकडे मोजू लागे आणि पुन्हा नवकाराकडे वळे.

अंधार पडला. मठांतून वाद्यांचा गंभीर नाद येऊ लागला. कोणा स्पर्धकाची पत्नी, भाषेने परकी, येऊन सौ.च्या खांद्यावर शाल घालून गेली. त्या दीड तासात माझ्या मनात एकच दृश्य वारंवार येत होते : भाऊंचे पोस्टकार्ड. ते मला तेव्हा कठोर वाटले होते. आता वाटले, हडपसरच्या कुंपणापलीकडे मी गेलो असतो तर नामपूरच्या ओट्यावर कोणी तरी असेच बसले असते.

सात वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. "पप्पा, मी बरा आहे. काही लागलेले नाही. रस्त्यावर आलो, आत्ता रेंज मिळाली." आणि मी काही बोलण्यापूर्वीच, "मम्मीला सांगा, सूर्यास्ताआधी खाल्ले."

मी फोन सौ.च्या हाती दिला. तिने ऐकले, "हं" म्हणाली आणि तेव्हा प्रथम रडली.

तो रात्री साडेनऊला जीपमधून आला. हकिकत अशी होती. परतीच्या वाटेवर ऊन मंदावले, थर्मल विरळ झाले. पुढच्या सोंडेपलीकडे जाण्यापुरती उंची त्याच्याजवळ होती, असे त्याला वाटत होते. खात्री नव्हती. सोंडेवर वारा उलटा असता, तर खाली झाडीशिवाय काही नव्हते. मागे एक कापणी झालेले भाताचे खाचर दिसत होते. तो वळला आणि चारला पाच मिनिटे असताना त्या खाचरात उतरला. घरातील बाईंनी जेवायला आग्रह केला, भाजीत कांदा-बटाटा होता. त्याने आईने आसनाच्या खिशात रोज घालून दिलेल्या खाखऱ्याची पुडी सोडली, निम्मे त्यांच्या मुलांना दिले, निम्मे आपण खाल्ले, बाटलीतले पाणी प्यायला, घड्याळ पाहिले आणि वीस किलोचे ओझे पाठीवर घेऊन दोन तास पायवाटेने रस्त्याकडे चालत आला.

त्या दिवशीच्या गुणांमुळे तो सतराव्या क्रमांकावरून छत्तिसाव्यावर गेला. ज्यांनी ती सोंड ओलांडली, ते सर्व सुखरूप पोहोचले होते, हेही सांगितले पाहिजे.

रात्री खोलीबाहेरच्या कठड्यावर आम्ही दोघे बसलो. मी विचारले, "नियमामुळे उतरलास?" खरे तर मला 'होय' हे उत्तर हवे होते. समाजात सांगायला ते किती शोभले असते! तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "नाही, पप्पा. उतरलो ते उंची कमी होती म्हणून. नियम त्यानंतर आठवला. जेवायच्या वेळी."

त्याच्या या प्रामाणिक उत्तरानंतर मला राहवले नाही. मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी त्याच्या आईखेरीज कोणाला माहीत नव्हती. तो लहान असताना एका वर्षी मी हरभऱ्याचा मोठा साठा धरून ठेवला होता. भाव उतरू लागला तेव्हा थोड्या तोट्यात माल काढता आला असता. भाऊंनी सुचवलेही होते. पण इतर व्यापारी थांबले आहेत, त्यांतल्या काहींना पुढे भाव मिळेलही, मग आपणच का उतरायचे, या ईर्ष्येने मी थांबलो. आवक वाढली आणि तीन वर्षांची कमाई गेली. थोरल्या बहिणीच्या मुलीच्या लग्नातील माझी जबाबदारी भाऊंनी न बोलता उचलली. "तू आज जे केलेस," मी म्हणालो, "ते मला त्या वर्षी जमले नाही. खाचर मलाही दिसत होते."

तो काही बोलला नाही. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आम्ही बराच वेळ तसेच बसलो होतो.

नामपूरला परतलो तेव्हा भाऊ गादीवर होते. कोणी तरी त्यांना सगळे आधीच सांगितले होते. त्यांनी नातवाला जवळ बोलावून विचारले, "किती वाजता उतरलास?"

"चारला पाच कमी होते, दादाजी."

"म्हणजे दिवस होता."

"होता."

"मग ठीक." आणि त्यांनी पुन्हा चष्मा लावून वही ओढली. त्या दिवाळीच्या वहीपूजनाला नव्या वहीवर 'श्री' काढण्याचा मान त्यांनी धाकट्याला दिला. घरात तो मान आजवर पेढीवर बसणाऱ्यालाच मिळत असे. थोरल्याने स्वतः लेखणी त्याच्या हातात दिली.

भाऊ आता नाहीत. मुलगा पुण्यात नोकरी करतो, वर्षातून एकदा स्पर्धेला जातो आणि आम्ही बरोबर जातो. माझी भीती गेलेली नाही, जावी अशी माझी इच्छाही नाही. ज्या घरांतील मुले या वाटेला जातील, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. रागाने बंदी घातली तर ती गुपचूप जातील, जसा आमचा गेला. त्यापेक्षा शिक्षक कोण, राखीव पॅराशूट आहे का, विमा आहे का, हे विचारा. शक्य असेल तर बरोबर जा. डब्याची पिशवी घेऊन मैदानावर बसणारे कोणी आहे, हे माहीत असलेला मुलगा आकाशात थोडा अधिक सावध असतो, असा माझा अनुभव आहे.

आणि लग्नकार्यात त्या संबंधितांनी विचारले होते, थोरला दुकानात बसतो ना? होय, बसतो. धाकटाही हिशेबात आहे.

या लिखाणात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.